चौकोनांखाली दडलेली गावे : कॅनडाच्या प्रेअरीवरील शेतकरी वसाहतींचे जुने नकाशे

कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या दक्षिण भागाचा, १८७० नंतरच्या दशकातील एखादा सरकारी टाउनशिप-नकाशा समोर ठेवला तर त्यात वाचण्यासारखे फारसे काही नाही असेच प्रथम वाटते. छत्तीस चौकोन, प्रत्येक चौकोनात एक क्रमांक, कुठे दलदलीची खूण, कुठे ओढ्याची वाकडी रेघ, कुठे एखादी गाडीवाट. माणसांची वस्ती जवळजवळ दिसतच नाही. परंतु याच चौकोनांवर पुढील तीस-चाळीस वर्षांत लाखो स्थलांतरितांचे भवितव्य ठरले. कोणाची जमीन कायद्याने मान्य होणार आणि कोणाची नाही, याचा निकाल पुष्कळदा त्या जमिनीची आकृती या चौकोनांत बसते की नाही यावरच लागला. म्हणून हे नकाशे केवळ भूगोलाचे साधन म्हणून वाचून चालत नाही. ते महसुली दस्तऐवज म्हणून वाचावे लागतात. आपल्याकडे गाव-नकाशा, गट क्रमांक आणि उतारा एकत्र ठेवून वाचतात, तसेच.

प्रेअरी म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेला विस्तीर्ण गवताळ मैदानी प्रदेश. कॅनडात तो मुख्यतः मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि आल्बर्टा या तीन प्रांतांत येतो. १८६९-७० मध्ये हा सारा मुलूख हडसन्स बे कंपनीकडून कॅनडा सरकारकडे आला आणि तेथे शेतकरी वसविण्याचे धोरण आखले गेले. त्यासाठी जी मोजणी झाली तिला डोमिनियन लँड सर्व्हे म्हणतात.

मोजणीची रीत

या मोजणीची पायारेषा म्हणजे अमेरिकेच्या सरहद्दीवरील ४९ वे अक्षवृत्त, आणि आरंभाचे रेखावृत्त विनिपेग शहराच्या थोडे पश्चिमेला. या दोन रेषांपासून उत्तरेकडे टाउनशिप आणि पूर्व-पश्चिमेकडे रेंज मोजत जायचे. टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब व सहा मैल रुंद चौरस. तिचे छत्तीस सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. सेक्शनचे चार भाग केले की १६० एकरांचा चतुर्थांश मिळतो. हाच वसाहतकाराचा वाटा. सेक्शनचे क्रमांक आग्नेय कोपऱ्यापासून सुरू होऊन नागमोडी वर चढत ईशान्य कोपऱ्यात छत्तीसवर संपतात. शेजारच्या अमेरिकेत हीच पद्धत १७८५ पासून होती, पण तेथे क्रमांक ईशान्येकडून सुरू होऊन आग्नेयेस संपतो. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे नकाशे एकत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याची हमखास फसगत होते ती येथेच.

मोजणीचे हत्यार होते ६६ फुटांची साखळी. अशा ८० साखळ्यांचा एक मैल. मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटी साखळी वापरीत आणि तिच्या एका चौरसाला गुंठा म्हणत, हे वाचकांस ठाऊक असेलच. चाळीस गुंठ्यांचा एकर दोन्हीकडे सारखाच. फरक हा की आपल्याकडे मोजणीदार आला तेव्हा शेते, बांध आणि गावठाणे आधीपासून होती व साखळीला त्यांच्या कडेने वळावे लागले. प्रेअरीवर रेषा आधी आखल्या गेल्या आणि शेतकरी नंतर आला. निदान सरकारची समजूत तशी होती.

१८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्यानुसार दहा डॉलर शुल्क भरून एका चतुर्थांशावर नाव लावता येई. तीन वर्षे तेथे प्रत्यक्ष राहणे आणि ठरावीक जमीन लागवडीखाली आणणे या अटी पुऱ्या केल्या की मालकीचा कागद मिळे. सम क्रमांकाचे सेक्शन बहुधा वसाहतकारांसाठी आणि विषम क्रमांकाचे रेल्वेला द्यावयाच्या जमिनींसाठी असत. ११ व २९ क्रमांक शाळांच्या निधीसाठी, तर ८ आणि २६ चा बहुतांश भाग हडसन्स बे कंपनीसाठी राखलेला. तेव्हा शेजारी म्हणून राहू इच्छिणाऱ्या दोन कुटुंबांच्या घरांमध्ये अर्ध्या मैलाहून अधिक अंतर पडणे ही सर्वसाधारण गोष्ट होती. कायद्यात गृहीत धरलेला शेतकरी एकटा होता. आपल्या चौकोनात आपले घर बांधून राहणारा.

साखळी अडविणारे लोक

रेषा कोऱ्या जमिनीवर आखल्या गेल्या ही समजूत पहिल्याच वर्षी खोटी ठरली. विनिपेगजवळ रेड नदीच्या काठी मेटी लोकांची, म्हणजे मूळ रहिवासी व युरोपीय यांच्या मिश्र वंशातून निर्माण झालेल्या समाजाची, वस्ती होती. त्यांची शेते चौकोनी नव्हती. नदीकाठी अरुंद तोंड आणि मागे सुमारे दोन मैलांपर्यंत लांब जाणारी पट्टी, अशी रचना. प्रत्येकाला पाणी, काठावरची झाडी, नांगरटीची जमीन आणि मागे गवताचे कुरण. शिवाय घरे नदीच्या कडेने जवळजवळ. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी सरकारी मोजणीदार या पट्ट्यांमधून आपली रेषा नेऊ लागले, तेव्हा लुई रिएल आणि त्याच्या सोबत्यांनी साखळीवर पाय रोवून काम थांबविले. त्या प्रतिकारातूनच पुढे १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत जन्माला आला.

नदीकाठच्या पट्ट्या शेवटी नकाशावर तशाच ठेवण्यात आल्या; आजही विनिपेग परिसराच्या नकाशात त्या चौकोनांमध्ये फणीच्या दातांसारख्या दिसतात. मात्र मॅनिटोबा कायद्याने मेटींच्या मुलांसाठी जी १४ लाख एकर जमीन देऊ केली होती, तिच्या वाटपात इतका विलंब व गोंधळ झाला की पुष्कळ कुटुंबे पश्चिमेकडे निघून गेली. २०१३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सरकारने ही तरतूद आपल्या प्रतिष्ठेला साजेशा तत्परतेने अंमलात आणली नाही, असा निर्णय दिला. १८७१ च्या पहिल्या करारान्वये अनिशिनाबे आणि क्री लोकांसाठी राखीव क्षेत्रे ठरली. त्याबाहेरचा त्यांचा वावर, शिकारीच्या वाटा, हंगामी मुक्काम हे टाउनशिप-नकाशावर फार तर एखाद्या तुटक रेघेपुरते उरले.

मेनोनाइटांची दुहेरी वसाहत

या नकाशांचा अभ्यास कोठून सुरू करावा असे कोणी विचारले, तर मॅनिटोबातील मेनोनाइट वसाहतींकडे बोट दाखवावे लागेल. शस्त्र न धरणे हे या ख्रिस्ती पंथाचे व्रत. रशियन साम्राज्याच्या दक्षिणेस, आजच्या युक्रेनमध्ये, ते कित्येक पिढ्या शेती करीत होते. सक्तीची लष्करभरती येणार हे दिसताच १८७३ मध्ये त्यांचे प्रतिनिधी अमेरिका व कॅनडा पाहून आले. कॅनडा सरकारने लष्करी सेवेतून सूट आणि आपल्या शाळा आपल्या रीतीने चालविण्याची मुभा लेखी देऊ केली. १८७४ पासून पुढील पाच-सहा वर्षांत सुमारे सात हजार लोक आले. त्यांच्यासाठी रेड नदीच्या पूर्वेस आठ टाउनशिपांचे ईस्ट रिझर्व्ह आणि पश्चिमेस सतरा टाउनशिपांचे वेस्ट रिझर्व्ह राखण्यात आले. पंचवीस टाउनशिप म्हणजे ९०० चौरस मैल, ५,७६,००० एकर.

वेस्ट रिझर्व्हचा बराचसा भाग झाडाझुडपांशिवायचा, उघडा होता. इतर वसाहतकार अशा जागी राहणे अशक्य मानीत, कारण सरपण नाही आणि घराला लाकूड नाही. मेनोनाइटांना अशा मैदानाची सवय होती. शेण व पेंढा यांच्या वाळविलेल्या विटा जाळून ते हिवाळा काढीत. गोवरी ओळखणाऱ्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण इंग्रज शेजाऱ्यांना वाटे.

आता खरा मुद्दा. प्रत्येक कुटुंबप्रमुखाने कायद्याप्रमाणे एकेका चतुर्थांशावर आपले नाव लावले. सरकारी नोंदवहीत पाहिले तर इतर कोणत्याही वसाहतीसारखीच स्वतंत्र नावांची रांग दिसते. प्रत्यक्षात मात्र लोकांनी आपसांत करार करून ते सारे चतुर्थांश एकत्र केले. त्यांपैकी सोयीच्या जागी एक लांब रस्ता आखला आणि त्याच्या कडेने घरे बांधली. घर आणि गोठा एकाच छपराखाली, मागे बाग व परसू. उरलेल्या जमिनीचे मातीच्या प्रतीनुसार मोठे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात प्रत्येक घराला एक पट्टी दिली, म्हणजे चांगली जमीन एकाकडे आणि पाणथळ दुसऱ्याकडे असे होऊ नये. कुरण सर्वांचे, गुराखी गावाने ठेवलेला, कारभार गावाने निवडलेल्या प्रमुखाकडे. अशी शंभराहून अधिक गावे दोन्ही रिझर्व्हमध्ये वसली. शेती अशी मिसळलेली असल्याने, नोंदवहीतील मालक आणि त्या जमिनीत नांगर धरणारा माणूस हे पुष्कळदा वेगळे असत.

म्हणजे एकाच जमिनीचे दोन नकाशे झाले. एक सरकारी, चौकोनांचा. दुसरा गावाचा, पट्ट्यांचा. तो कधी कागदावर असे, कधी केवळ करारात आणि लोकांच्या स्मरणात. दोन्ही खरे, पण न्यायालयात चालणारा एकच.

येथे सरकारने अगदीच डोळे मिटले नव्हते. १८७६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून निदान वीस कुटुंबे शाळा, प्रार्थनास्थळ यांच्या सोयीसाठी एकत्र गावात राहू इच्छीत असतील, तर आपल्या चतुर्थांशावर राहण्याची अट मंत्र्याला शिथिल करता यावी अशी सोय झाली. लागवडीची अट मात्र शिथिल झाली नाही. हा तपशील किरकोळ वाटतो. पुढे दुसऱ्याच एका समाजाचा तो घात करणार होता.

मेनोनाइट गावे मोडली ती आतून. एखाद्या शेतकऱ्याला सामायिक व्यवस्था जाचक वाटू लागली, किंवा कर्ज काढायचे झाले, की तो आपल्या नावावरचा चतुर्थांश मागे. गावाचा करार त्याला रोखू शकत नसे, कारण त्या कराराला कायद्याचे पाठबळ नव्हते. आणि त्याचा चतुर्थांश म्हणजे इतर पंधरा-वीस जणांच्या पट्ट्या ज्यावरून जात ती जमीन! ज्याच्या नावावर प्रत्यक्ष गावठाणच असे, त्याने अंग काढून घेतले तर शेजाऱ्यांची घरे परक्या जमिनीवर उभी ठरत. १८८० च्या दशकापासून एकेक गाव असे विसर्जित होत गेले. जॉन वॉरकेंटिन या भूगोलतज्ज्ञाने १९६० च्या आपल्या प्रबंधात या विघटनाचा सविस्तर माग काढला आहे, आणि त्यानंतरच्या बहुतेक अभ्यासाचा पाया तोच आहे. गावे मोडण्यास पंथातील फुटीरपणाच कारण झाला असे काही वेळा म्हटले जाते. तेवढे कारण पुरेसे वाटत नाही. नकाशा ज्याच्या बाजूने होता तो बाहेर पडू शकला, हे अधिक सयुक्तिक दिसते.

काही गावे मात्र टिकली. १८७६ च्या सुमारास वसलेले नॉयबर्गथाल हे त्यांपैकी प्रसिद्ध; १९८९ मध्ये कॅनडाने त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. शाळांचा प्रश्न वेगळा. १९१६ मध्ये मॅनिटोबाने इंग्रजी माध्यम सक्तीचे केल्यावर जुन्या वळणाचे हजारो मेनोनाइट १९२२ पासून मेक्सिकोत आणि १९२६-२७ मध्ये पाराग्वेत गेले. घरात बोली जर्मन, शाळेत व प्रार्थनेत प्रमाण जर्मन ही त्यांची रीत त्यांच्याबरोबर गेली आणि गावांची नावेही गेली. ब्लूमेनॉर्ट हे नाव युक्रेनच्या, मॅनिटोबाच्या आणि मेक्सिकोच्या नकाशांवर ओळीने सापडते. नावांवरून स्थलांतराची वाट शोधणाऱ्याला याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

दुखोबोरांचे चतुर्थांश

१८९९ मध्ये रशियाच्या कॉकेशस भागातून सुमारे साडेसात हजार दुखोबोर आले. हेही शस्त्रत्यागी, १८९५ मध्ये त्यांनी आपली शस्त्रे जाळून टाकली आणि छळ ओढवून घेतला. त्यांच्या प्रवासखर्चासाठी टॉल्स्टॉयने ‘पुनरुत्थान’ या कादंबरीचे उत्पन्न दिले, हे साहित्याच्या अध्यापकांना ठाऊक असते. त्या पैशाने आलेल्या माणसांचे पुढे काय झाले हे सहसा सांगितले जात नाही.

आजच्या सस्कॅचवानमध्ये त्यांच्यासाठी जमिनी राखल्या गेल्या आणि तेथे पन्नासहून अधिक गावे उभी राहिली. क्लिफर्ड सिफ्टन हे मंत्री असेपर्यंत गावात एकत्र राहण्याची सवलत सैलपणे लावली जात होती. दुखोबोरांपैकी बहुसंख्य लोक मेनोनाइटांच्याही पुढे गेले होते. जमीन, अवजारे, पीक, सारेच सामायिक. देवाच्या जमिनीवर एका माणसाचे नाव लावणे हेच त्यांना गैर वाटे. साहजिकच ते गावाभोवतीची जमीन मिळून नांगरीत, आणि दूरचे चतुर्थांश गवताखाली राहत. १९०५ मध्ये फ्रँक ऑलिव्हर मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत हिशेब चतुर्थांशागणिक मागितला गेला : या क्रमांकावर कोण राहतो, त्याने येथे किती एकर नांगरले, आणि राजनिष्ठेची शपथ घेऊन तो नागरिक होणार की नाही? शपथ घेणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते. १९०७ मध्ये त्यांच्या नोंदींपैकी फार मोठा भाग रद्द झाला. सामायिक राहणाऱ्यांना गावाजवळ माणशी पंधरा एकर एवढी जमीन ठेवून बाकीची इतरांना खुली करण्यात आली. १९०८ पासून पीटर वेरिगिन यांच्या नेतृत्वाखाली हजारो दुखोबोर ब्रिटिश कोलंबियात निघून गेले. ज्यांनी स्वतंत्र नाव लावण्याचे मान्य केले ते राहिले.

दुखोबोरांनी जमीन कसली नाही असे नव्हते. त्यांनी ती नकाशाच्या क्रमाने कसली नाही. कार्ल ट्रेसी यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात या गावांची ठिकाणे आणि रचना यांचा जो शोध घेतला, तो हाती घेऊन त्या भागाचा नंतरचा नकाशा पाहिला तर गावांच्या जागी सरळ चौकोन व नवी नावे दिसतात.

नावांचे नकाशे

सरकारी नकाशात माणसांची नावे क्वचितच असतात. ती उणीव खाजगी प्रकाशकांनी भरून काढली. अमेरिकेत ए. टी. अँड्रियस याने १८७४ मध्ये मिनेसोटाचा आणि १८७५ मध्ये आयोवाचा सचित्र अ‍ॅटलास काढला. असे अ‍ॅटलास आगाऊ वर्गणीवर चालत. जादा पैसे मोजणाऱ्याच्या वाड्याचे चित्र किंवा चरित्र त्यात छापले जाई. म्हणून त्यांतील ऐसपैस घरे आणि गुबगुबीत गुरे पाहून त्या काळच्या सरासरी शेतकऱ्याविषयी मत बनवू नये. कॅनडाच्या प्रेअरीवर १९१७ ते १९३० या काळात कमिन्स कंपनीचे नकाशे निघाले; त्यांत चतुर्थांशावर शेतकऱ्याचे नाव असते. कुटुंबाचा शोध घेणाऱ्यांना ते फार उपयोगी पडतात. पण नाव इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेले असते, आणि एका चौकोनात सहसा पुरुषाचेच नाव मावते. बायको, भाऊ, सालदार यांना जागा नाही.

नॉर्थ डकोटा राज्यातील रॉस या गावाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी आजच्या लेबनॉन-सीरिया भागातून आलेल्या मुस्लिम शेतकऱ्यांनी असेच १६० एकरांचे वाटे घेतले. मालकांच्या नावांचा नकाशा पाहिला तर ती एकाकी नावे वाटतात. ती माणसे एकाच मुलखातली होती, एकत्र नमाज पढत होती आणि त्यांनी १९२९ मध्ये तेथे मशीद बांधली, यांतले काहीही चौकोनांवरून कळत नाही. ती इमारत १९७० च्या दशकाच्या अखेरीस पाडली गेली. २००५ मध्ये त्या जागी लहानशी नवी वास्तू उभी राहिली.

दोन नकाशे जुळविताना

मग गाव शोधायचे कसे? सर्वांत उपयोगी कागद म्हणजे वसाहतकाराची सरकारी फाईल. मालकीहक्क मागताना त्याला शपथेवर सांगावे लागे की तो कधी आला, किती एकर फोडले, घर किती मोठे, गुरे किती. आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष लागे. मेनोनाइट अर्जदार येथेच राहण्याचे ठिकाण म्हणून आपल्या गावाचे नाव सांगून जातो, जे टाउनशिप-नकाशावर नसते. एकमेकांचे साक्षीदार झालेल्यांचे चतुर्थांश रंगविले की गावाची कक्षा हळूहळू उमटू लागते. त्यावर मोजणीदाराच्या टिपणवहीतील ओढे, पाणथळ आणि वाटा ठेवायच्या, मग गावाचा करार सापडल्यास तो, आणि शेवटी विमानातून घेतलेली छायाचित्रे. जुन्या नांगरटीच्या लांब पट्ट्या, झाडांची रांग, दफनभूमी यांच्या खुणा त्यांत कधी कधी उरलेल्या असतात.

विद्यार्थ्यांकडून हे काम करून घेताना आधी मोजपट्टी हाती द्यावी. टाउनशिप-नकाशाचे प्रमाण एका इंचाला ४० साखळ्या, म्हणजे अर्धा मैल. संपूर्ण टाउनशिप बारा इंचांत येते. त्यावर वीस चतुर्थांश निवडून वीस घरे प्रथम कायद्याप्रमाणे मांडायची, नंतर एका रस्त्याच्या कडेने, आणि दोन्ही वेळा शाळेपर्यंतचे अंतर मोजायचे. एका मांडणीत काही मुलांना उणे तीस अंश तापमानात दोन-तीन मैल चालावे लागते, दुसरीत काही फर्लांग. ईस्ट रिझर्व्हपुरते हे जुळवाजुळवीचे काम स्थानिक अभ्यासकांनी केले असून, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या भागाच्या ऐतिहासिक अ‍ॅटलासमध्ये नाहीशी झालेली गावे पुन्हा आपल्या सेक्शन क्रमांकांवर बसविलेली पाहावयास मिळतात.